आटत्या तळ्याची रोजनिशी



तळ्यावर पक्षी पाहायला कधी जावे, असे कोणालाही विचारा. उत्तर ठरलेले असते : हिवाळ्यात! डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून बदके येतात, हंस येतात, पाणी काठोकाठ भरलेले असते. मग सहली निघतात, दुर्बिणी बाहेर पडतात. मार्च उजाडला, ऊन तापू लागले, की तळ्याकडे कोणी फिरकत नाही. ‘आता तिथे काय आहे? नुसता चिखल!’ असे म्हणून माणसे पाठ फिरवतात.

पण त्या नुसत्या चिखलावर एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत जे नाट्य घडते, ते हिवाळ्यात पाहायला मिळत नाही. ते पाहण्यासाठी लागणारी सवड नेमकी तुमच्याजवळ आहे, कारण तुम्हाला तेव्हा सुट्टी असते. मात्र एक अट आहे. हे नाट्य एका दिवसाच्या सहलीत दिसत नाही. ते रोज थोडे थोडे पाहावे लागते. ते कसे, हेच आज आपण पाहू या.

पठारावरची उथळ ताटे

सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे आले, की दख्खनचे पठार सुरू होते. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे ते सहाशे मीटर उंचीच्या या प्रदेशात नद्यांची पात्रे रुंद आणि जमीन मंद उताराची आहे. येथे धरण बांधले, की पाणी खोल दरीत न साठता दूरवर पसरते. पैठणजवळचे जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. त्याचा नाथसागर जलाशय पूर्ण भरतो, तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर उंचीवर असते आणि पाणी सुमारे ३५० चौरस किलोमीटर जागा व्यापते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याची साठवण सुमारे ११७ अब्ज घनफूट. त्यातील निम्म्याहून अधिक पाणी हा ‘मृत साठा’ असतो, म्हणजे धरणाच्या दारांतून ते आपोआप बाहेर पडत नाही. कडक उन्हाळ्यात या साठ्यालाही हात लावावा लागतो. ‘उजनी वजा पातळीत’ अशी बातमी वर्तमानपत्रात येते, तिचा अर्थ हाच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा नांदूर मध्यमेश्वर बंधारा त्याहून कितीतरी जुना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बांधला गेला. ‘रामसर’ यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समाविष्ट होणारी ती महाराष्ट्रातील पहिली जागा ठरली.

तुमच्या गावापासून ही मोठी धरणे दूर असतील. हरकत नाही. १९७२ च्या दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून ठिकठिकाणी पाझर तलाव खोदले गेले. त्यांपैकी एखादा तुमच्या शिवारात असेलच. आकार लहान असला, तरी तोही असाच उथळ ताटासारखा आहे आणि त्याचेही पाणी उन्हाळ्यात असेच मागे सरते.

एक काठी आणि रोजची खूण

आता एक सोपा प्रयोग करा. तळ्यावर पोहोचल्यावर पाण्याच्या अगदी कडेला एक काठी रोवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जा. पाणी काठीपासून मागे गेलेले दिसेल. किती गेले, ते पावलांनी मोजा आणि तेथे दुसरी काठी रोवा.

हे पाणी कुठे गेले? काही कालव्यातून शेताकडे गेले, काही जमिनीत मुरले आणि बरेचसे वाफ होऊन हवेत मिसळले. पठारावरच्या कोरड्या, वाऱ्याच्या उन्हाळ्यात नुसत्या बाष्पीभवनानेच पातळी दिवसाला सुमारे एक सेंटिमीटर उतरते. एक सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असे तुम्ही म्हणाल. पण काठाचा उतार पाहा. शंभर मीटर चालले असता जमीन एकच मीटर खाली उतरत असेल, तर पातळी एक सेंटिमीटर उतरताच पाण्याची कड पूर्ण एक मीटर मागे सरते! कालव्याला पाणी सोडले असेल, तर दिवसाला तीन-चार मीटरसुद्धा. म्हणजे रोज सकाळी तळ्याभोवती ओल्या चिखलाचा एक नवा पट्टा उघडा पडतो. कालपर्यंत पाण्याखाली असलेल्या या पट्ट्यात किड्यांच्या अळ्या, गोगलगाई आणि गांडुळे असतात. पक्ष्यांसाठी रोज नवे ताट वाढले जाते, असेच म्हणा ना!

या पंगतीत कोण कुठे बसायचे, हे पाय आणि चोच यांच्या लांबीने ठरते. कंठेरी चिखल्या हा चिमुकला पक्षी ओल्या चिखलावर तुरुतुरु धावतो, थबकतो, एक पाय चिखलावर थरथरवतो आणि हालचाल करणारा किडा चटकन टिपतो. त्याच्या पुढे वीतभर पाण्यात काडीसारख्या लांब, लालसर पायांचा शेकाट्या चालतो. त्याहून खोल पाण्यात चमचा पक्षी आपली चपटी चोच डावीकडून उजवीकडे कोयत्यासारखी फिरवत असतो. चित्रबलाक अर्धवट उघडी चोच पाण्यात बुडवून उभा राहतो. माशाचा स्पर्श होताच ती चोच क्षणात मिटते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नाही, तेथे स्पर्शच कामाला येतो. आणखी पुढे पाणकावळा बुड्या मारतो, तर वरून नदी सुरय हवेतून सूर मारतो. भिगवणसारख्या ठिकाणी उन्हाळ्यातही रोहित पक्षी दिसतात. ते चोच उलटी धरून पाणी गाळतात आणि त्यातील सूक्ष्म जीव खातात. पाणी जसजसे मागे जाते, तसतशी ही सारी पंगत मागे सरकते. काठ्यांच्या खुणा आणि पक्ष्यांच्या जागा शेजारी शेजारी लिहून ठेवा, म्हणजे हे तुमच्या सहज ध्यानात येईल.

पाहुण्यांचा निरोप

हिवाळी पाहुणे एकाच दिवशी निघून जात नाहीत. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब हा हंस लवकर निघणाऱ्यांपैकी. त्याला हिमालय ओलांडून तिबेट व मंगोलियाच्या सरोवरांवर पोहोचायचे असते. शास्त्रज्ञांनी या हंसांना छोटी उपकरणे बांधून माग काढला, तेव्हा ते सात हजार मीटरहून अधिक उंचीवरून उडत असल्याचेही आढळले. भुवई बदके मात्र बरीच रेंगाळतात. पिवळा धोबी जाण्याआधी जणू नवे कपडे घालतो. हिवाळाभर फिका दिसणारा हा पक्षी मार्च-एप्रिलमध्ये हळदीसारखा पिवळाधमक होतो. आणि काही चिखलपक्ष्यांची लहान पोरे तर जातच नाहीत. अजून विणीचे वय झालेले नसल्याने ती सारा उन्हाळा येथेच काढतात.

कोणता पक्षी शेवटचा कधी दिसला, ही तारीख रोज जाणाऱ्यालाच कळते. आठवड्यातून एकदा जाणाऱ्याची तारीख आठवड्याने चुकू शकते. रोज जाणाऱ्याची चूक फार तर एका दिवसाची. निरीक्षण रोज का करायचे, याचे हे पहिले कारण.

उघड्या जमिनीवरची घरटी

दुसरे कारण याहून मोठे आहे. पाहुणे निघून जातात, तेव्हा घरचे पक्षी संसार मांडतात, आणि तोही झाडावर नव्हे, उघड्या जमिनीवर!

टिटवी तुमच्या ओळखीची आहे. खडे आणि सुकलेल्या चिखलाचे तुकडे यांच्यामध्ये एक उथळ खळगा, हेच तिचे घरटे. त्यात बहुधा चार अंडी, निमुळती टोके आत करून, फुलाच्या पाकळ्यांसारखी मांडलेली. त्यांचा रंग मातकट आणि त्यावर काळे-तपकिरी ठिपके. दोन पावलांवरून पाहिले, तरी अंडी कोणती आणि खडे कोणते हे समजत नाही. कंठेरी चिखल्या आणि छोटा आर्ली हे पक्षीही असेच करतात. शेकाट्या पाण्याच्या कडेला काड्याकुड्यांचे लहानसे उंचवटे करतो. पाणी अचानक वाढले, तर तो घाईघाईने आणखी काड्या आणून घरटे उंच करतो.

या सर्वांत नदी सुरय विशेष पाहण्यासारखा. राखाडी अंग, काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय आणि दुभंगलेली लांब शेपटी. पाणी उतरले, की जलाशयात लहान लहान बेटे वर येतात. सुरय त्यांवर वसाहत करून अंडी घालतात. हाच काळ का? एक तर बेटाभोवती पाणी असल्याने कुत्रे-कोल्हे तेथे जाऊ शकत नाहीत. दुसरे म्हणजे पाणी कमी झाल्यामुळे मासे थोड्या जागेत गोळा होतात आणि पिलांसाठी ते पकडणे सोपे जाते. कर्नाटकातील भद्रा जलाशयाच्या बेटांवर हजारो सुरय उन्हाळ्यात असेच जमतात. परंतु नद्यांच्या काठावरची त्यांची जुनी ठिकाणे ठिकठिकाणी नाहीशी होत आहेत. त्यामुळे जगातील धोक्यात आलेल्या जिवांच्या यादीत आता सुरयाचे नाव ‘असुरक्षित’ या गटात घातलेले आहे.

पाणी आणि पिलू यांची शर्यत

आता एक गणित सोडवू या. समजा, एक बेट आणि काठ यांच्यामध्ये १ एप्रिल रोजी ९० सेंटिमीटर खोल पाणी आहे आणि पातळी रोज २ सेंटिमीटर उतरते. तर ४५ दिवसांनी, म्हणजे १६ मे रोजी, बेट काठाला जोडले जाईल. सुरयाची अंडी सुमारे तीन आठवडे उबवावी लागतात आणि पिलू उडू लागायला आणखी चार आठवडे जातात.

एका जोडीने २५ मार्चला अंडी घातली. पिले १५ एप्रिलला बाहेर आली आणि १३ मे च्या सुमारास उडाली. बेट जोडले जायला अजून तीन दिवस होते. ही जोडी जिंकली. दुसऱ्या जोडीने ५ एप्रिलला अंडी घातली. पिले २६ एप्रिलला बाहेर आली, पण ती उडणार २४ मे ला. बेट तर १६ मे लाच जोडले गेले! आठ दिवस कमी पडले. या आठ रात्रींत भटके कुत्रे पायी चालत बेटावर येऊ शकतात. दिवसा सुरय कलकलाट करीत शत्रूच्या डोक्यावर झेपावतात, पण रात्रीच्या अंधारात त्यांचा फारसा इलाज चालत नाही. अंडी घालण्यातील अकरा दिवसांच्या फरकाने एका घरट्याचा निकाल असा बदलतो.

कधी उलटेही घडते. वळवाचा जोरदार पाऊस झाला किंवा वरच्या धरणातून पाणी सोडले, की पातळी वाढते आणि सखल बेटावरची घरटी बुडतात. तुमच्या काठ्यांच्या नोंदी जवळ असतील, तर तुमच्या तळ्यावर ही शर्यत कोण जिंकणार, हे आधीच सांगता येईल.

अंडी उबवायची की थंड ठेवायची?

घरट्यावर बसलेला पक्षी अंड्यांना ऊब देतो, असे आपण शिकतो. पण मे महिन्यात दुपारी एक वाजता उघड्या जमिनीवर ऊब कशाला हवी? हे स्वतःच तपासा. आपल्या अंगणात एक तापमापक कोरड्या मातीवर उन्हात ठेवा, दुसरा सावलीत. हवेचे तापमान ४० अंश सेल्सियस असताना उन्हातली माती ५० अंशांच्याही वर तापते. अंड्यातील जीव सुमारे ३६ ते ३८ अंशांत चांगला वाढतो. ४१-४२ अंशांच्या पुढे तापमान फार वेळ राहिले, तर तो दगावतो. म्हणजे दुपारच्या वेळी पक्ष्याचे काम अंडी थंड ठेवण्याचे असते.

तो ते दोन प्रकारे करतो. एक, अंड्यांवर उभा राहून, पंख थोडे सैल सोडून सावली धरतो. दुसरा प्रकार दुर्बिणीतून नीट पाहा. टिटवी उठते, लगबगीने पाण्याकडे जाते, पोटाची पिसे पाण्यात भिजवते आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. सुरय आणि चिखल्या हेही असेच करतात. माठातले पाणी गार का राहते, हे तुम्हाला माहीत आहे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना ते सुमारे ५८० कॅलरी उष्णता भोवतालातून शोषून घेते. टिटवीच्या ओल्या पिसांमागे हेच तत्त्व आहे. पाठ्यपुस्तकात ज्याला आपण ‘सुप्त उष्णता’ म्हणतो, ती टिटवी रोज दुपारी वापरते!

यावरून एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. तुम्ही कुतूहलाने घरट्याजवळ दहा मिनिटे उभे राहिलात, तर तेवढा वेळ टिटवी ओरडत वर घिरट्या घालते आणि अंडी उन्हात भाजत असतात. वर कावळा बसलेला असतो. तुम्ही कुठे वाकून पाहता, हे तो बरोबर हेरतो. म्हणून घरटे दिसले, तर निदान पन्नास पावले दूर राहा. अंड्यांना हात लावू नका. खूण म्हणून घरट्याशेजारी दगड किंवा काठीही ठेवू नका. टिटवी ओरडू लागली, की तिने तुम्हाला ‘मागे व्हा’ असे सांगितले, असे समजा.

गाळ, पेरणी आणि घरटी

उन्हाळ्यात या उघड्या जमिनीवर माणसांचीही कामे असतात. पाणी ओसरलेल्या सुपीक गाळावर शेतकरी गाळपेर करतात, कलिंगडे, काकड्या, भाजीपाला पिकवतात. अनेक तलावांतील गाळ काढून तो शेतात टाकला जातो. २०१७ पासून महाराष्ट्र शासनाची त्यासाठी ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आहे. गाळ काढल्याने तलावात जास्त पाणी साठते आणि शेताला कसदार माती मिळते. दोन्ही गोष्टी गावाच्या हिताच्या. पण हे काम एप्रिल-मेमध्येच होते आणि घरटीही तेव्हाच असतात. यंत्र चालवणाऱ्याला तर अंडी दिसणेच शक्य नाही.

मग करायचे काय? काम थांबवा, असे सांगून कोणी ऐकणार नाही, आणि तसे सांगणे योग्यही नाही. पण तुमच्या वहीत कोणत्या कोपऱ्यात किती घरटी आहेत आणि पिले केव्हा बाहेर येतील, हे लिहिलेले असेल, तर तुम्ही आपल्या गुरुजींना किंवा बाईंना बरोबर घेऊन ग्रामपंचायतीत जाऊ शकता. ‘हा कोपरा शेवटी घ्या, तीन आठवडे थांबा’ एवढेच सांगा. टिटवीची अंडी सुमारे चार आठवड्यांत फुटतात आणि पिले एक-दोन दिवसांतच पायांनी चालत घरट्यापासून दूर जातात. तेवढी सवड मिळाली, की पुष्कळ झाले. तारीख सांगणाऱ्या मुलाचे मोठी माणसेही ऐकतात.

टिटवीचा अंदाज खरा की खोटा?

‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही म्हण तुम्ही ऐकली असेल. टिटवीबद्दल शेतकऱ्यांमध्ये आणखी एक समजूत आहे. तिने अंडी सखल जागी घातली, तर पाऊस कमी आणि उंच जागी घातली, तर पाऊस भरपूर. हे खरे असेल का? विज्ञानाचा विद्यार्थी लगेच ‘हो’ म्हणत नाही आणि लगेच हसतही नाही. तो मोजून पाहतो. दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक घरटे पाण्यापासून किती पावलांवर आणि अंदाजे किती उंचीवर आहे, ते लांबूनच पाहून लिहा. मग जून ते सप्टेंबरचा पाऊस तहसील कार्यालयातून विचारून घ्या. एका वर्षाने काही सिद्ध होणार नाही. पाच-दहा वर्षांच्या नोंदी हव्यात. तुम्ही शाळा सोडाल, तेव्हा वही धाकट्या भावंडांकडे सोपवा.

वही कशी ठेवावी?

साधी दोनशे पानी वही पुरे. रोजच्या पानावर तारीख, वेळ, आकाश, वारा, पाण्याची कड किती मागे गेली, पक्ष्याचे नाव, संख्या, जागा आणि तो काय करीत होता, हे लिहा. नाव माहीत नसेल, तर चोच, पाय, शेपटी यांचे चित्र काढा. एखादा पक्षी दिसला नाही, तर ‘दिसला नाही’ असे आवर्जून लिहा. तीही नोंदच आहे. वेळ सकाळची साडेसहा ते साडेआठ ही उत्तम. रोज तीच वेळ आणि तोच रस्ता ठेवा, म्हणजे कालच्या आकड्याची आजच्या आकड्याशी तुलना करता येईल. एकट्याने जाऊ नका. घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या. वरून सुकलेला दिसणारा चिखल खाली मऊ असतो, त्यात पाय रुततो. म्हणून पाण्यात आणि ओल्या गाळात उतरायचे नाही, काठावरूनच पाहायचे. डोक्यावर टोपी आणि जवळ पाणी हवेच.

रोजच्या पाहण्याने काय साधते, याचे उत्तम उदाहरण डॉ. सालिम अली यांचे आहे. १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीवर दिवसचे दिवस नजर ठेवली. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते पसंत करते, आणि तिचा संसार सुरू झाला, की तोच नर दुसरे घरटे विणून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हे त्यांनी अशा निरीक्षणातून उलगडले. सुगरणीची घरटी तोपर्यंत हजारो लोकांनी पाहिली होती. पण त्यांच्यासमोर रोज बसून कोणी लिहून ठेवले नव्हते.

जूनमध्ये मृगाच्या सरी येतील. चातकाची हाक ऐकू येईल. नाल्यांतून तांबडे पाणी तळ्यात उतरेल आणि तुमच्या काठ्या एकामागून एक बुडू लागतील. त्या दिवशी शेवटची नोंद करा : बेटावर किती घरटी होती आणि त्यांतली किती पिले उडाली. हा आकडा तुमच्या तळ्यापुरता जगात फक्त तुमच्याजवळ असेल. शाळा सुरू झाली, की तो वर्गाच्या फळ्यावर लिहा आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमच्याबरोबर रोज तळ्यावर कोण येणार, ते विचारा.